ई-एमटीबीचं हँडल वर घ्यायचंय? आधी स्पेसर, मग बार, आणि फोर्कला हात सगळ्यात शेवटी

इलेक्ट्रिक माउंटन बाइक घेतली तेव्हा पहिले तीन महिने प्रत्येक तीव्र उतारावर आपण हँडलवरून पुढे जाणार असंच वाटायचं. मी जर्मनीत श्टुटगार्टला राहतो, उंची १८४ सेंटिमीटर, सायकल लार्ज साइजची पण हँडल खाली, त्यामुळे सगळा भार तळहातांवर आणि अर्ध्या तासात करंगळीला मुंग्या. एका दुकानात विचारलं तर म्हणाले फोर्क (पुढचं चाक धरणारा, दबणारा चिमटा) १६० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा आहे, तो १८० करून देतो, पुढची बाजू वर येईल. करून घेतलं. मुंग्या होत्या तिथेच राहिल्या, शिवाय चढावर पुढचं चाक भरकटायला लागलं, आणि नंतर फ्रेमचं मॅन्युअल नीट वाचलं तर त्यात जास्तीत जास्त १७० लिहिलेलं, म्हणजे वॉरंटीचाही प्रश्न. मग एका रविवारी कागदावर सायकल काढून आकडेमोड केली तेव्हा चूक कुठे झाली ते कळलं, आणि तेच इथे सविस्तर लिहितोय कारण हा सल्ला सर्रास दिला जातो आणि बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

मुद्दा असा आहे की हँडल जमिनीपासून किती उंच आणि हँडल तुमच्या पायांपासून किती उंच ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतारावर तुम्ही पॅडलवर उभे असता, म्हणजे शरीराला जाणवते ती दुसरी उंची, आणि ती स्टॅकवर, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या (हेडट्यूबच्या) वरच्या टोकापर्यंतच्या उभ्या अंतरावर ठरते. फोर्क लांब केला की अख्खी सायकल मागच्या ॲक्सलभोवती गोल फिरते, हँडल वर जातं पण त्याबरोबर बीबी म्हणजे क्रँकचा मध्यही वर जातो आणि तुमचे पायही. १२५० मिमी व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर), ४४५ ची चेनस्टे (बीबीपासून मागच्या ॲक्सलपर्यंत), ४७० चा रीच (बीबीपासून हेडट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) आणि साडेचौसष्ट डिग्री हेड अँगल (हेडट्यूबचा जमिनीशी कोन) धरून हिशोब केला तर फोर्क १० मिमी लांब केल्यावर हँडल जमिनीपासून साधारण साडेसहा मिमी वर जातं, बीबी ३ मिमी वर जातो, हातात उरले साडेतीन मिमी! शिवाय रीच साडेचार मिमीने कमी होतो आणि हेड अँगल ०.४ डिग्रीने स्लॅक, म्हणजे जास्त तिरका होतो. ह्याउलट १० मिमीचा एक ॲल्युमिनियमचा स्पेसर (कडं) स्टेमखाली, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली टाकला तर पायांपासून ९ मिमी उंची मिळते, बीबी जागच्या जागी, हेड अँगल जागच्या जागी, फक्त हँडल ४ मिमी मागे येतं कारण स्टिअरर, म्हणजे फोर्कची हेडट्यूबमधून वर येणारी नळी, तिरका असतो.

म्हणजे मी २० मिमी फोर्क वाढवून मिळवले जेमतेम ७ मिमी, आणि ते एका छोट्याशा स्पेसरने झालं असतं.

आता काम. सुरुवात मोजण्यापासून, आणि हे टाळू नका कारण नंतर मूळ सेटिंगवर परत यायचं असेल तर आकडे लागतातच. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, सायकल सपाट फरशीवर सरळ उभी करा, कुणाला तरी धरायला सांगा. जमिनीपासून ग्रिपच्या मध्यापर्यंत उंची, जमिनीपासून बीबीच्या मध्यापर्यंत उंची, स्टेमखाली किती स्पेसर आणि स्टेमवर किती, बारचा, म्हणजे हँडलच्या दांड्याचा राइज (मधल्या भागापेक्षा टोकं किती वर ते, बहुतेकदा बारवरच छापलेलं असतं), आणि सीटच्या टोकापासून बारपर्यंतचं अंतर. हेड अँगलसाठी फोनमधलं लेव्हलचं ॲप चालतं, आधी फोन फरशीवर ठेवून शून्य करा आणि मग फोर्कच्या वरच्या चकचकीत नळीला, म्हणजे स्टँचनला टेकवा, केस काढून. अर्धा डिग्री इकडेतिकडे होईल पण आधी आणि नंतर एकाच पद्धतीने मोजलं तर फरक बरोबर येतो. हे सगळं वहीत लिहा, तारखेसकट.

दुसरं काम सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते, आणि खरं सांगतो अर्ध्या लोकांचं दुखणं इथेच संपतं. ई-बाइक २२ ते २५ किलोची, त्यात तुम्ही, हेल्मेट, पॅड, पाठीवर पाण्याची बॅग, आणि फोर्कमध्ये हवा मात्र कधीतरी दुकानात भरलेली तेवढीच. १६० मिमी फोर्कला १५ ते २० टक्के सॅग म्हणजे २४ ते ३२ मिमी. आता समजा हवा कमी आहे आणि सॅग ३० टक्के म्हणजे ४८ मिमी झालाय, तर २० टक्क्यांच्या मानाने तुमचा फोर्क चालवताना १६ मिमी आखूड आहे, हेड अँगल ०.६ ते ०.७ डिग्री उभा झालाय, आणि तुम्ही बाजारात उंच बार शोधत फिरताय. मोटर बंद करा, पूर्ण सिस्टीम ऑफ, कारण चुकून पॅडलवर पाय पडला आणि सायकल पुढे उडाली तर भिंतीत जाल. सगळं सामान अंगावर घालून पॅडलवर उभे राहा, बसू नका, दोन-तीनदा हलकेच दाबून स्थिर व्हा, स्टँचनवरची ओ-रिंग (रबरी कडी) खाली सरकवून घ्या, अलगद उतरा आणि मोजा. शॉक पंपाने हवा वाढवली किंवा कमी केली की फोर्क सावकाश दहा वेळा दाबून सोडा म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांमधला दाब जुळतो, आणि मग परत मोजा. मागच्या शॉकचा सॅग २८ ते ३० टक्के ठेवा, मागची बाजू फार बसत असेल तर पुढची बाजू उगाच उंच वाटते आणि फार कडक असेल तर उगाच खाली, म्हणून दोन्ही एकाच दिवशी जुळवा. हवा बदलली की रिबाउंडही (दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो ते) बघावा लागतो, हवा जास्त तर रिबाउंड एक-दोन क्लिक हळू करा, नाहीतर हँडल हातात उसळतं आणि ते तुम्हाला उंची चुकल्यासारखं वाटतं.

सॅग जुळवून दोन-तीन राइड करा. तरी हँडल खाली वाटतंय? मग स्पेसर.

स्टेमच्या वर स्पेसर शिल्लक असतील तर ते खाली घालायचे, एवढंच काम आहे, पण क्रम पाळा. पुढचं चाक जमिनीवर टेकलेलं असू दे, स्टँडवर टांगून हे करू नका कारण स्टेम निघाला की अख्खा फोर्क खाली घसरतो आणि बेअरिंग जमिनीवर (टांगायचीच असेल तर फोर्कला पट्टा बांधा). स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल करा, वरच्या टोपीचा बोल्ट काढा, स्टेम वर उचला, स्पेसर बदला, स्टेम परत बसवा. आता बघा की स्टिअररचं तोंड सगळ्यात वरच्या स्पेसरच्या किंवा स्टेमच्या कडेपेक्षा ३ ते ५ मिमी खाली आहे, तोंड कडेच्या बरोबरीला आलं तर टोपी स्टिअररवरच टेकते, बेअरिंगवर दाबच येत नाही आणि हेडसेट (हेडट्यूबमधली बेअरिंगं) खुळखुळतो. टोपीचा बोल्ट स्टेमला धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगमधली ढील काढतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते तो जीव खाऊन आवळतात. पुढचा ब्रेक दाबून, दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटच्या खालच्या फटीवर ठेवून सायकल मागेपुढे हलवा, टकटक जाणवेनाशी झाली की थांबा, हँडल अजून मोकळं फिरलं पाहिजे. मग चाक आणि बार सरळ रेषेत आणा आणि बाजूचे बोल्ट आलटूनपालटून थोडे थोडे आवळत स्टेमवर लिहिलेल्या टॉर्कपर्यंत न्या, साधारण ५ ते ६ न्यूटन मीटर असतो. टॉर्क पाना घ्याच, मनगटाच्या अंदाजावर हे काम सोडू नका.

ई-बाइकवर इथे एक कटकट वाढते. हल्ली बऱ्याच मॉडेलमध्ये ब्रेकचे पाइप, गिअरची केबल, मोटरच्या रिमोटची वायर सगळं हेडसेटमधून फ्रेममध्ये जातं, स्पेसरही त्याच कंपनीचे खास आकाराचे लागतात, आणि आत वायरला ढील किती आहे ते बाहेरून दिसत नाही. १० मिमीला सहसा अडचण येत नाही. पण हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, रिमोटची वायर ताणली तर थांबा, ती तुटली तर मोटरच बंद.

स्टिअरर आधीच कापलेला असेल तर वर जायला जागाच नसते, आणि दुकानातून आलेल्या बहुतेक सायकलींची हीच गत. मग बार. माझ्याकडे मूळ बार २० मिमी राइजचा होता, मी ४० चा घातला आणि एक १० मिमीचा स्पेसर वरून खाली आणला, म्हणजे एकूण जवळपास २९ मिमी, आणि त्या दिवसापासून करंगळीच्या मुंग्या गेल्या. हे मी फोर्क परत १६० करून घेतल्यावर केलं. राइज २०, २५, ३०, ४०, ५० असे मिळतात, घेण्यापूर्वी क्लॅम्प ३१.८ चा आहे की ३५ चा ते स्टेमवर वाचा. उंच बारचा एक फायदा असा की तो स्पेसरसारखा हँडलला तेवढं मागे आणत नाही, बार सरळ उभा बसवला तर रीच जवळपास तसाच राहतो. पण बार गोल फिरवून मागे लोळवला तर तो फायदाही जातो आणि मनगटाचा कोनही बिघडतो, म्हणून समोरून-बाजूने बघून बारची चढण फोर्कच्या रेषेत किंवा किंचित उभी ठेवा, तिथून दोन-तीन मिमीने फिरवत हाताला बरं वाटेल ते शोधा. स्टेमच्या पुढच्या पट्टीचे चार बोल्ट आडवेतिडवे आवळा, वरची-खालची फट सारखी राहिली पाहिजे (काही स्टेममध्ये वरची फट पूर्ण बंद करायची असते, तसं त्यावर लिहिलेलं असतं). कार्बन बार असेल तर ग्रीस नको, कार्बनची खरखरीत पेस्ट लावा. बार बदलला की ब्रेक लिव्हरचा कोनही बदला, हँडल वर गेल्यावर लिव्हर थोडे आडवे घ्यावे लागतात नाहीतर मनगट मोडतं.

आता उंच हँडलची किंमत, कारण फुकट काही मिळत नाही. हँडल वर आणि मागे आलं की पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं. सपाट वळणावर पुढचा टायर पकड सोडतो, आपल्याकडे टेकडीवरच्या सुक्या मुरमावर चाक जसं न सांगता सटकतं अगदी तसं, आणि ई-बाइकवर चढावर तर हे दुप्पट जाणवतं कारण साध्या सायकलला पायांचाच जोर असतो पण इथे ८५ न्यूटन मीटरची मोटर मागून ढकलतेय, टर्बो मोडमध्ये तीव्र चढावर पुढचं चाक उचललंच जातं. ह्यावर हँडल परत खाली घेण्याआधी सीट बघा. सीट रेलवर ५ ते १० मिमी पुढे सरकवा आणि नाक २-३ डिग्री खाली झुकवा, बसल्यावर वजन आपोआप पुढे येतं, चढावर कोपर खाली पाडून छाती पुढे न्या, आणि मोड एक पायरी खाली. वळणावर मात्र उपाय एकच, जाणीवपूर्वक हातांवर भार द्यायचा. तरीही पुढचं चाक सटकतच राहिलं तर ५ मिमी खाली या, मी एकदा ३९ मिमीपर्यंत वर गेलो होतो आणि तिथून १० खाली आलो.

मग फोर्क कधी बदलायचा? हँडलच्या उंचीसाठी नाही, भूमितीसाठी. हेड अँगल स्लॅक हवाय, किंवा दगडांवर पॅडल आपटतात म्हणून बीबी वर हवाय (ई-बाइकवर चढावरही सतत पॅडल मारत असतो, म्हणून हे फार होतं, आधी १६० मिमीचे आखूड क्रँक बघा ते जास्त सोपं), किंवा खरंच जास्त ट्रॅव्हल हवाय, तरच. फ्रेमच्या कंपनीने दिलेली मर्यादा आधी वाचा, ती ट्रॅव्हलमध्ये असते किंवा ॲक्सल ते क्राउन (फोर्कच्या दोन्ही नळ्या वर जुळतात तो भाग) ह्या लांबीत, आणि ती ओलांडू नका, लांब फोर्क म्हणजे हेडट्यूबवर लांब तरफ आणि ई-बाइकचं वजन त्यात भर. अख्खा फोर्क विकत घ्यावा लागतोच असं नाही, रॉकशॉक्स झेब १६० ते १९० आणि फॉक्स ३८ हा १६० ते १८० मध्ये आतला एअर शाफ्ट (हवेच्या कप्प्यातला दांडा) बदलून १०-१० मिमीने वर-खाली करता येतो. घरी करणार असाल तर पहिली गोष्ट, व्हॉल्व्हमधून सगळी हवा काढा, पूर्ण, आणि फोर्क दाबून परत एकदा व्हॉल्व्ह दाबा, कारण हवा शिल्लक असताना खालचे बोल्ट किंवा सर्क्लिप (शाफ्ट अडवणारी कडी) काढली तर शाफ्ट गोळीसारखा सुटू शकतो. मग फोर्कचे खालचे पाय (बाहेरच्या नळ्या) उतरवा, सर्क्लिप काढा, शाफ्ट बदला, ग्रीस लावा, पायांमध्ये मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच नवीन तेल. कंपनीने सांगितलेल्या तासांनी ह्या पायांची सर्व्हिस करायची असतेच, तेव्हाच हे उरका म्हणजे तेल आणि मेहनत दोन्ही वाचतात. शाफ्ट बदलल्यावर हवेचा दाब नव्याने शोधावा लागतो, जुना आकडा चालत नाही.

फोर्क उलट आखूड करणाऱ्यांनी, किंवा दुसराच फोर्क टाकणाऱ्यांनी, एक तपासा: ई-बाइकची डाउनट्यूब (फ्रेमची खालची तिरकी नळी) बॅटरीमुळे फुगलेली असते, हँडल पूर्ण फिरवल्यावर फोर्कच्या क्राउनची बटणं तिच्यावर आपटतायत का ते हाताने सावकाश फिरवून बघा. आणि स्टिअरर खालच्या टोकाला दीड इंचाचा आहे की १.८ इंचाचा तेही, काही ई-बाइकना १.८ असतो आणि तिथे साधा फोर्क तसाच बसत नाही.

ऑफसेटबद्दल थोडं. लहानपणी आमचा सायकलवाला फोर्कला चिमटा म्हणायचा आणि चिमटा पुढे वाकलेला असायचा, ते वाकणं म्हणजेच ऑफसेट, आता नळ्या सरळ असतात पण ॲक्सल थोडा पुढे काढलेला असतो. २९ इंची फोर्कमध्ये ४४ आणि ५१ मिमी हे दोन आकडे जास्त दिसतात. स्टिअरिंगची रेघ जमिनीला जिथे लागते आणि टायर जिथे टेकतो त्यातलं अंतर म्हणजे ट्रेल, मॉलमधल्या ट्रॉलीचं चाक आपोआप मागे सरळ होतं ना, तेच तत्त्व, ट्रेल जास्त तर चाक सरळ राहायला बघतं, कमी तर चपळ पण वेगात चंचल. टायरची त्रिज्या ३७० मिमी आणि साडेचौसष्ट डिग्री धरली तर ४४ च्या ऑफसेटला ट्रेल १२८ मिमी येतो आणि ५१ ला १२०. आणि माझा फोर्क १८० झाला तेव्हा हेड अँगल स्लॅक होऊन ट्रेल १३४ वर गेला होता, वेगात मस्त, पण चढावरच्या हेअरपिन वळणात हळू चालवताना हँडल एका बाजूला कोसळायचं, ते भरकटणं म्हणतोय ते हेच. फक्त ऑफसेट बदलण्यासाठी नवीन फोर्क घेऊ नका, इतका फरक रोजच्या चालवण्यात पैशांच्या लायकीचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे, फोर्क नाहीतरी बदलायचाच असेल तर मात्र मूळ ऑफसेट काय होता ते बघून घ्या.

हेड अँगलच बदलायचा असेल तर त्याचं योग्य हत्यार वेगळं आहे, तिरक्या भोकाचा हेडसेट कप. स्पेशलाइज्ड टर्बो लेवोच्या २०२१ च्या पिढीत तो कारखान्यातूनच येतो, कप फिरवला की अँगल एक डिग्री इकडे किंवा तिकडे. बाकी सायकलींना अर्धा ते दोन डिग्रीचे कप बाहेरून मिळतात, फ्रेमच्या हेडट्यूबला जुळत असतील तर, पण वरचा आणि खालचा कप एका रेषेत प्रेस करणं नाजूक काम, दुकानातच द्या. फ्रेममध्ये फ्लिप चिप (उलटसुलट बसवून भूमिती बदलणारा छोटा तुकडा) असेल तर ती आधी वापरा, बोल्ट काढून उलटी बसवायची, खर्च शून्य. मागे २७.५ इंची चाक टाकून मलेट, म्हणजे पुढे मोठं मागे लहान चाक, करणारे पण भेटतात, रिमच्या आकारातच १९ मिमीचा त्रिज्येचा फरक असल्यामुळे २९ च्या फ्रेमवर नुसतं चाक बदललं तर बीबी १२ मिमीच्या आसपास खाली जातो आणि हेड अँगल जवळपास ०.९ डिग्री स्लॅक होतो, पॅडल दगडांना लागणारच. शिवाय मोटरच्या सिस्टीममध्ये चाकाचा घेर नोंदवलेला असतो, इथे जर्मनीत मोटरच्या मदतीची ताशी २५ किमीची मर्यादा त्यावरच मोजली जाते, तो डीलरकडून दुरुस्त करून घ्यावा लागतो.

तपासणी नेहमी एकाच रस्त्यावर करा. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात जंगलातल्या दोन मीटरपेक्षा अरुंद वाटांवर सायकलला बंदी आहे, त्यामुळे सायकलसाठीचे अधिकृत जंगलमार्ग मोजकेच, मी डेगरलोखहून खाली येणाऱ्या वुडपेकर ट्रेलवरच सगळं तपासतो, साध्या सायकलवाले मारीनप्लात्झहून दातेरी रुळांच्या त्साके गाडीत सायकल चढवून वर जातात, मी चढ मुद्दाम पॅडल मारत जातो कारण पुढचं चाक उचलतंय का ते चढावरच कळतं. एका फेरीत एकच बदल. स्पेसर आणि हवा एकाच वेळी बदलली तर कशाने काय झालं ते देवालाही सांगता येणार नाही. प्रत्येक बदलाला किमान दोन-तीन राइड द्या, पहिल्या दिवशी नवीन उंची विचित्रच वाटते, हाताला सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या राइडनंतर घरी आल्यावर स्टेमचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने परत तपासा आणि ब्रेक दाबून हेडसेटची ढीलही, स्पेसर बसले की थोडी ढील येते.

आणि नवीन फोर्क घेतलात तर स्टिअरर लगेच कापू नका. उरलेले स्पेसर स्टेमच्या वर ठेवून महिना-दोन महिने चालवा, दिसायला वाईट दिसतं, गुडघा किंवा छाती आपटणार नाही एवढं बघा म्हणजे झालं. उंची पक्की झाली की मग कापा, आणि तेव्हाही वर १० मिमीचा एक स्पेसर राहील एवढी जागा सोडून.